विचार येतात कुठून, आणि एका मनातलं दुसऱ्याला कळतं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, हिंगोली, परभणीकडच्या गावांत मनाविषयी बोलायला बसलं की हे प्रश्न हमखास येतात, मग ती सप्ताहातली बैठक असो की बचत गटाची. विचारणारे मनापासून विचारतात, म्हणून उत्तरंही सविस्तर लिहिली आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. माणसांची मनं एकमेकांत खोलवर गुंतलेली आहेत, आणि ती गुंततात बोलण्यातून, बघण्यातून, स्पर्शातून, सोबत राहण्यातून. त्यासाठी कुठल्या अदृश्य लहरी लागत नाहीत.

विचार नेमका येतो कुठून?

बहुतेक वेळा आधी काहीतरी कानावर पडतं, नाकाला लागतं, अंगाला जाणवतं, आणि त्याच्या मागोमाग विचार येतो. त्या पहिल्या गोष्टीकडं आपलं लक्ष नसतं, म्हणून विचार आभाळातून पडल्यासारखा वाटतो.

समजा, थ्री-फेज लाइट रात्री बाराला आली. माणूस मोटार चालू करतो आणि फावडं घेऊन हरभऱ्याला पाणी देत उभा राहतो. पायाखालची ढेकळं विरघळतात, ओल्या काळ्या मातीचा वास सुटतो, आणि एकाएकी त्याला चौथीचे गुरुजी आठवतात. कित्येक वर्षांत आठवले नव्हते. मग आजच का? शाळेच्या खोल्या तेव्हा मातीच्या होत्या. शनिवारी पोरं पाणी मारून जमीन सारवायची आणि गुरुजी दारात उभं राहून पाढे म्हणून घ्यायचे. आधी वास आला, वासानं खोली उघडली, खोलीत गुरुजी होते. माणसाच्या ध्यानात आले ते फक्त गुरुजी.

मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि एकेक पेशी हजारो पेशींशी जोडलेली आहे. आठवण एका जागी बंद करून ठेवलेली नसते, ती या जोडण्यांत विखुरलेली असते. एक टोक हललं की बाकीचं जागं होतं. वासाचा मार्ग तर भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांच्या अगदी जवळून जातो. भूक, अपुरी झोप, अंगातली कणकण, बँकेच्या हप्त्याची तारीख यांचाही विचारांवर हात असतो. उपाशीपोटी सुचलेलं आणि जेवून उठल्यावर सुचलेलं एकाच माणसाचं असलं तरी सारखं नसतं.

काहीच करत नसताना डोक्यात एवढी गर्दी कशी होते?

मेंदूला स्वस्थ बसता येत नाही. वजनानं तो शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा तोच खातो, आणि आपण बाजेवर नुसतं पडून राहिलो तरी त्याचा खर्च फारसा उतरत नाही. अमेरिकेत मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलं की, बाहेरचं काम थांबलं की मेंदूतले काही ठरावीक भाग उलट जास्त जागे होतात. त्या जाळ्याला 'डिफॉल्ट मोड नेटवर्क' म्हणतात. मागचं उगाळणं, पुढचं रचणं, आणि 'तो माझ्याबद्दल काय म्हणत असेल' ही चिंता, हे सगळं तिथं चालतं. एकांतातही डोक्यात माणसांचीच ये-जा असते. २०१० मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी लोकांना दिवसातून अधूनमधून मोबाइलवर विचारलं, 'आत्ता मन कुठं आहे?' सुमारे ४७ टक्के वेळा ते हातातल्या कामावर नव्हतं. तेव्हा जप करताना मन भटकलं म्हणून कुणी स्वतःला पापी समजू नये.

विचार मी करतो, की तो आपोआप होतो?

एक करून बघा. डोळे मिटा आणि पुढचा विचार कोणता येणार ते आधी ठरवा. जमत नाही. ठरवायला जावं तर तो येऊन गेलेला असतो.

बेंजामिन लिबेट या शास्त्रज्ञानं १९८३ मध्ये यावर एक गाजलेला प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला मनाला येईल तेव्हा मनगट हलवायला सांगायचं, आणि 'आता हलवावं' असं वाटलं त्या क्षणी समोरच्या घड्याळावरचा ठिपका कुठं होता ते विचारायचं. मेंदूतली तयारी हालचालीच्या अर्धा सेकंद आधीच सुरू झालेली दिसली, आणि 'हलवावं' ही जाणीव हालचालीच्या सुमारे ०.२ सेकंद आधी. म्हणजे जाणीव मागून आली. यावरून माणसाला स्वतःची इच्छाच नसते असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. २०१२ मध्ये आरोन शूर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ती 'तयारी' म्हणजे मेंदूतली सततची बारीक चढउतारही असू शकते. हा वाद अजून मिटलेला नाही.

मला यात आपले समर्थ आठवतात. जालना जिल्ह्यातल्या जांब गावचे रामदास. त्यांनी मनाला हाक मारून २०५ श्लोक लिहिले. मनाला हाक मारता येते, त्याअर्थी मनात उठणारं सगळं म्हणजे मी नव्हे, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. विचार मनात येणं फारसं आपल्या हाती नाही. त्याच्याजवळ किती वेळ थांबायचं, तो बोलून दाखवायचा का, त्याप्रमाणे वागायचं का, इथं मात्र आपलं चालतं.

आपण मनात कोणत्या भाषेत विचार करतो?

ज्या भाषेत माणसं आपल्याशी बोलली त्या भाषेत. लेव्ह विगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञानं १९३० च्या सुमारास हे फार नेमकं टिपलं. लहान लेकरू खेळताना मोठ्यानं बोलतं. ठोकळा ठेवताना 'हळू, पडंल, सांभाळ' असं स्वतःलाच बजावतं, आणि नीट ऐकलं तर तो आवाज मायचा असतो, तिच्याच चढउतारासह. पुढं ते बोलणं पुटपुटणं होतं, मग ओठ मिटतात आणि तेच बोलणं आत चालू राहतं. त्यालाच आपण विचार म्हणतो.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळात उर्दूतून शिकलेली पुष्कळ म्हातारी माणसं बोलायची मराठीत, पण आकडेमोड उर्दूत पुटपुटायची. बंजारा तांड्यावरची पोरं शाळेत मराठी बोलतात आणि स्वप्नात गोरमाटी. सगळाच विचार भाषेत होतो असंही नाही. पक्षाघातानं ज्यांची भाषा जवळजवळ संपूर्ण गेली, त्यांतले काही जण गणितं सोडवू शकतात हे तपासलं गेलं आहे. रांगोळीचे ठिपके जोडताना कोण शब्दांत विचार करतं?

मग माझा स्वतःचा असा विचार नसतोच का?

असतो, पण तो घडतो इतरांच्या सामानातून. जात्यावरच्या ओवीत हे लख्ख दिसतं. पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, खुंट्यावर दोघींचा हात, एक ओळ एकीनं घातली की दुसरी जोडायची. पहिली माहेरच्या वाटेवर असते, दुसरी तिला भावापाशी नेऊन पोचवते. ओवी संपते तेव्हा ती कुणाची म्हणायची? ओळी आज्या-पणज्यांकडून आलेल्या, दुःख हिचं, चाल गावाची. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सुरू केलेल्या कामातून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी तर बाबासाहेबांवर ओव्या रचल्या. चाल जुनीच, जातंही तेच, पण विचार त्या जात्यावर आधी कधी दळला गेला नव्हता. नवा विचार असाच जन्मतो, असं मला वाटतं. जुनं पुरेसं साठलेलं लागतं, आणि मग एखाद्या आयुष्याचा त्याला धक्का लागतो.

माझ्या मायला माझं दुखणं लांबूनच कळतं. ही टेलिपॅथी नव्हे काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो हसण्यावारी नेऊ नये, कारण एका मोठ्या शोधाची सुरुवात याच प्रश्नातून झाली आहे. हान्स बर्गर नावाचा जर्मन तरुण १८९० च्या दशकात सैन्यात सरावाला होता. घोड्यावरून पडला आणि तोफगाड्याच्या चाकाखाली येता येता वाचला. त्याच संध्याकाळी घरून वडिलांची तार आली. दूर असलेल्या बहिणीला एकाएकी वाटलं होतं की भावाला काहीतरी झालंय, आणि तिनं वडिलांना तार करायला लावली होती. बर्गर हादरला. पुढं डॉक्टर होऊन त्यानं आयुष्य या शोधात घातलं की मेंदूतून बाहेर पडणारी ऊर्जा कोणती. १९२४ मध्ये त्यानं माणसाच्या डोक्यावरून मेंदूची विद्युत नोंद पहिल्यांदा घेतली आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. आज फिट येणाऱ्या लेकराचा जो ईईजी काढतात, तो हाच.

बहिणीचं मन भावापर्यंत कसं पोचलं, ते मात्र त्याला त्या रेघांत सापडलं नाही. सापडणं अवघडच होतं. डोक्याच्या कातडीवर येणारा हा दाब काही दशलक्षांश व्होल्ट असतो. टॉर्चचा साधा सेल दीड व्होल्टचा. तो दाब पकडायला डोक्याला जेल लावून तारा चिकटवाव्या लागतात, इंचभर हवेतूनही तो नीट पकडता येत नाही. मग पुण्यात हॉस्टेलवर असलेल्या पोराचा गंगाखेडच्या मायपर्यंत कसा येणार? टेलिपॅथीचे प्रयोग १८८२ पासून म्हणजे तो शब्द निघाला तेव्हापासून चालू आहेत. कुणीही, कुठंही करून बघावा आणि तोच निकाल यावा, असा एकही प्रयोग उभा राहिलेला नाही.

तरीही मायला कळतं, हे खोटं नाही. फोनवर 'बरा आहे' म्हणताना पोराचा श्वास अर्धा इंच आखूड होतो, 'जेवलास का' याचं उत्तर जरा उशिरा येतं. वीस वर्षं तिनं तो आवाज ऐकलेला आहे. तिला कारण सांगता येत नाही, नुसती हुरहुर लागते. शिवाय लांब असलेल्या लेकराची काळजी ती रोजच करते. ज्या दिवशी खरंच काही घडतं तो दिवस लक्षात राहतो, बाकीचे विसरले जातात.

उचकी लागली म्हणजे कुणी आठवण काढतंय, हे खरं का?

उचकी म्हणजे छातीखालच्या पडद्याचा झटका. घाईत जेवलं, तिखट लागलं की लागते आणि बहुतेक वेळा आपोआप थांबते. एकेकाचं नाव घेत गेलं की थांबेल तेव्हा कुणाचं तरी नाव तोंडात असणारच. पण त्या निमित्तानं आपण चार माणसांची नावं घेतो, हे मला आवडतं.

'आत्ताच तुझं नाव काढलं, शंभर वर्षं आयुष्य आहे तुला' असं इतक्यांदा कसं होतं?

कारण नाव काढलं आणि माणूस आलं नाही, तेव्हा कुणीच काही म्हणत नाही.

किल्लारीच्या भूकंपाआधी काहींना तसं स्वप्न पडलं होतं म्हणतात. ते कसं?

औसा-उमरगा पट्ट्यात हे अजून ऐकायला मिळतं, आणि सांगणाऱ्यानं घरची माणसं गमावलेली असतात, म्हणून इथं शब्द जपून वापरावे लागतात. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद अंगावर आलं, हजारो माणसं गेली.

एक गोष्ट लोक विसरतात. १९९२ पासूनच त्या भागात लहान-मोठे धक्के बसत होते, जमिनीतून गूढ आवाज येत होते. त्या वर्षात किती जणांनी भिंत पडल्याची स्वप्नं पाहिली असतील? भीती दिवसाची, स्वप्न रात्रीचं. त्यातलं एखादं नेमक्या आदल्या रात्रीचं असणं अशक्य नाही. ते स्वप्न म्हणजे जमिनीनं आधी दिलेल्या खुणा अंगात मुरल्याची साक्ष होती, असं मी मानतो.

दुसरं म्हणजे आठवण स्वतःला दुरुस्त करत राहते. १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर यान फुटलं तेव्हा उल्रिक नाइसर या मानसशास्त्रज्ञानं दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठं होतात. अडीच-तीन वर्षांनी परत विचारलं. पुष्कळांची उत्तरं पार बदलली होती, आणि तरी ते ठाम होते. खोटं कुणी बोलत नव्हतं.

संतांना समोरच्याच्या मनातलं कळायचं. त्याचं काय?

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट नीट आठवा. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून ते संतमंडळींची मडकी तपासायला उठले आणि थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. बाकीचे शांत बसले, नामदेव चिडले. काकांनी सांगितलं, हे मडकं कच्चं. मग नरसीचे नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडं गेले. कथेतही काकांना डोक्याच्या आत डोकवावं लागलं नाही. त्यांनी थापटलं, आणि माणूस कसा वागतो ते पाहिलं.

बारीक खुणा वाचण्याची ताकद किती असते, याचं नोंदलेलं उदाहरण एका घोड्याचं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टाप आपटून बेरजांची उत्तरं द्यायचा. ओस्कार फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये उलगडा केला. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोडा चुकायचा. बरोबर आकड्याला टाप पोचली की विचारणाऱ्याची मान अगदी किंचित हलायची, त्याच्या नकळत, आणि घोडा थांबायचा. आपल्या दारी गुबुगुबु वाजवत येणारा नंदीवाला ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. त्यात फरक एवढाच की तो आपल्या बैलाला खूण जाणूनबुजून देतो. बर्लिनकरांना आपण खूण देतोय हेही ठाऊक नव्हतं. आपलं मन आपण समजतो त्याहून फार जास्त बाहेर सांडत असतं.

भजनात सगळे एकरूप होतात असं वाटतं. ते नुसतं वाटणं आहे का?

नुसतं वाटणं नाही, ते मोजता आलं आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं, की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके एकाच लयीत वरखाली होतात, कारण सूर धरताना श्वास एकत्र सुटतो आणि श्वासामागं हृदय जातं. हरिपाठात पावली खेळणाऱ्यांना, एकाच टाळावर पाऊल टाकणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही.

त्याहून मला स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रीके गावचा अभ्यास हलवून जातो. तिथं लोक निखाऱ्यावरून चालतात. चालणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या छातीला ठोके मोजणारी यंत्रं लावली. २०११ मध्ये आलेल्या निष्कर्षात दिसलं की चालणाऱ्याच्या ठोक्यांशी त्याच्या नातेवाइकांचे आणि मित्रांचे ठोके जुळले, परक्या प्रेक्षकांचे जुळले नाहीत. अंगाला अंग लागलेलं नव्हतं, ते नुसते बघत होते.

प्रिन्स्टनच्या उरी हॅसन यांच्या गटानं २०१० मध्ये गोष्ट सांगणारी आणि ऐकणारे यांचे मेंदू स्कॅन केले. गोष्ट नीट समजली त्यांच्या मेंदूतली हालचाल सांगणारीच्या हालचालीशी जुळत गेली, काही भागांत तर ऐकणाऱ्याचा मेंदू पुढचं आधीच ओळखत होता. अनोळखी भाषेत गोष्ट सांगितली, तेव्हा ते जुळणं नाहीसं झालं. कीर्तनकार अर्धा अभंग म्हणून थांबतो आणि उरलेला मांडव पूर्ण करतो, तेव्हा हेच घडत असतं.

यंत्रानं तरी एकाचा विचार दुसऱ्याच्या डोक्यात पाठवता येतो का?

थोडाफार. २०१३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात राजेश राव यांनी हात हलवायचा नुसता विचार केला. यंत्रानं तो पकडून इंटरनेटवरून पाठवला, आणि दुसऱ्या इमारतीतल्या आंद्रेआ स्टोको यांच्या मेंदूला चुंबकीय धक्का मिळून त्यांचं बोट हललं. एक खूण पोचली, विचार नव्हे. साध्या बोलण्यातून याहून कितीतरी जास्त पोचतं.

वाईट विचार साथीसारखे पसरतात का?

पसरतात. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही वार्ता एका दिवसात देशभर गेली, तेव्हा लोकांच्या हाती मोबाइल नव्हते. चमच्यातलं दूध दगडाला टेकताच पृष्ठताणामुळं, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाला असलेल्या ताणामुळं, ओढलं जात होतं. त्यात कुणाचं नुकसान झालं नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात झालं. पोरं पळवणारी टोळी फिरते, या मोबाइलवरच्या अफवेनं जमावानं ५ जणांना ठेचून मारलं. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून जगणारी माणसं होती. त्या दिवशी त्या बाजारात एकेकट्या माणसानं हे केलं असतं का?

आत्महत्येच्या विचाराचंही असंच आहे, आणि मराठवाड्यात याकडं डोळेझाक करता येत नाही. डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्ये दाखवलं की वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आत्महत्येची ठळक बातमी आली की पुढच्या काळात आत्महत्या वाढतात. उलट व्हिएन्नात १९८७ मध्ये बातम्या सनसनाटी न करण्याचं ठरलं आणि मेट्रोतल्या आत्महत्या झपाट्यानं कमी झाल्या. म्हणून गावात असं घडलं तर पारावर त्याची पद्धत चघळू नका, फोटो फिरवू नका. आणि ज्याची काळजी वाटते त्याला सरळ विचारा, 'भाऊ, जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतंय का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांतून दिसलं आहे. उलट बोलायला वाट मिळते.

नको असलेला विचार दाबून टाकला तर जातो का?

जात नाही. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. त्यांच्या मनात अस्वल येतच राहिलं, आणि बंदी उठवल्यावर आणखी जास्त आलं. देवघरात बसल्यावर घाण विचार येणाऱ्या, तान्ह्या लेकराला आपल्या हातून इजा होईल असं वाटून घाबरणाऱ्या कितीतरी माया आहेत. असा विचार नको वाटतो, म्हणूनच तो छळतो. येऊ द्या, जाऊ द्या. महिनोन्‌महिने छळत असेल तर त्यावर चांगले उपचार आहेत.

माझ्या डोक्यात कुणीतरी विचार घालतंय, माझे विचार सगळ्यांना ऐकू जातात असं वाटतं. कुणी करणी केली असेल का?

करणी नाही. स्वतःचा विचार परका वाटणं हे मानसिक आजाराचं ओळखीचं लक्षण आहे. मेंदूत 'हे माझं' असा शिक्का मारणारी यंत्रणा बिघडली की असं होतं, आणि औषधांनी पुष्कळांना आराम पडतो. अशा माणसाशी वाद घालू नका, चेष्टा करू नका, एकटं सोडू नका. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, साखळदंडानं बांधणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथं घेऊन जा. जाणं लगेच शक्य नसेल तर १४४१६ वर टेली मानसला फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलता येतं. गोळ्या सुरू झाल्यावर बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका. पुढच्या तारखेला सोबत घरातलं एक माणूस न्या, कारण झोप किती होते, जेवण किती जातं, स्वतःशी बोलणं कमी झालं का, हे डॉक्टरांना तेच नीट सांगू शकतं.